शस्त्रक्रिया झाली, पायात रक्त पोहोचले का?

मार्वेच्या धक्क्यावरून सुटलेली बोट काही मिनिटांतच खाडी ओलांडून मनोरीला लागते. मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. परंतु बोट टाळायची म्हटली, तर गोराई, उत्तन आणि भाईंदर असा मोठा वळसा घालूनच मुंबईच्या उपनगरांत यावे लागते. सुटीच्या दिवशी हवा खायला जाणाऱ्यांना ही खाडी मोठी रमणीय वाटते. मात्र मधुमेहामुळे ज्याच्या पायाचे एखादे बोट नुकतेच कापावे लागले आहे आणि ज्याला 'पाय जमिनीला टेकवू नका' असे बजावून रुग्णालयाने घरी पाठवले आहे, त्याला हीच खाडी फार रुंद वाटते. ओहोटीला खाली गेलेली बोट, ओला धक्का, पुढे मालाड स्थानकापर्यंतची बस आणि रुग्णालयातील रांग, एवढे सोसून तो ड्रेसिंग बदलायला येतो. पट्टी सुटते, जखम धुतली जाते, नवी पट्टी बांधली जाते आणि तो परत बोटीत बसतो. जखमेच्या खाली, मांसात आणि त्वचेत, शुद्ध रक्त पुरेसे येत आहे की नाही, हा मूळ प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. त्याचे उत्तर जखम काळी पडल्यावर मिळते आणि तोवर पुढच्या शस्त्रक्रियेची रेषा बोटावरून पावलावर, पावलावरून गुडघ्याखाली सरकलेली असते.

शस्त्रक्रियेनंतर पायातील रक्तप्रवाह तपासण्याची साधने आज उपलब्ध आहेत. काही साधी व स्वस्त आहेत, काही महाग व गुंतागुंतीची आहेत. त्यांचा उपयोग नियमाने का होत नाही, याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या अर्थकारणात अधिक सापडते. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांच्या परिषदांवर सोपवून चालणार नाही.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांतील हे प्रमाण ११.४ टक्के भरते. मुंबईचे चित्र याहून चिंताजनक आहे. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २०२१ साली केलेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील सुमारे १८ टक्के लोकांच्या रक्तात उपाशीपोटीही साखर वाढलेली आढळली. मधुमेही व्यक्तीच्या पायाला आयुष्यात कधी तरी व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के इतकी असते, असा जागतिक पातळीवरील अंदाज आहे. ही टक्केवारी मुंबईच्या लोकसंख्येशी ताडून पाहिली, तर प्रश्न मूठभर अभागी माणसांचा नाही हे सहज ध्यानात येईल.

मधुमेह पायावर तीन बाजूंनी चालून येतो. पहिला आघात मज्जातंतूंवर होतो. पायाची संवेदना जाते आणि काटा रुतला किंवा चप्पल चावली तरी कळत नाही. दुसरा आघात रक्तवाहिन्यांवर होतो. विशेषतः गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद व कडक होत जातात. तिसरा आघात जंतुसंसर्गाचा. साखरेमुळे दुबळ्या झालेल्या शरीरात तो झपाट्याने पसरतो. मनोरीसारख्या कोळीवस्तीत या तिन्हींना कामाच्या स्वरूपाची जोड मिळते. ओल्या वाळूत अनवाणी वावरणे, मासळीचा काटा लागणे, कालवांच्या धारदार शिंपल्याने तळवा चिरणे, हे तेथे रोजचे. ज्याला वेदना कळते तो थांबतो. ज्याला कळत नाही तो दिवसभर त्याच पायावर उभा राहतो. तथापि शहरातील शिक्षक वा कारकून यापासून सुरक्षित आहे, असे मुळीच नाही. तासन् तास फळ्यापुढे उभे राहणाऱ्याला आणि अरुंद बुटांत पाय कोंबून लोकल पकडणाऱ्यालाही हाच धोका आहे.

पाय कापावा लागणे ही केवळ अपंगत्वाची बाब नाही. परदेशांतील अभ्यासांचे एकत्रित आकडे पाहता, मधुमेहामुळे घोट्याच्या वरून पाय कापावा लागलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांच्या आत दगावतात. अनेक कर्करोगांची आकडेवारीही याहून बरी आहे. असे असूनही कर्करोगाच्या नावाने ज्या समाजाला धडकी भरते, तोच समाज पायाच्या जखमेवर हळद दाबून आठवडाभर वाट पाहतो.

बोट, ध्वनी आणि चित्र

पायातील रक्तप्रवाह तपासण्याच्या पद्धतींची एक शिडीच आहे. तिची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरचे बोट. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या अंगाला नाडी लागते का, हे पाहायला एक पैसा पडत नाही. दुसरी पायरी डॉपलरची. ख्रिस्टियन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली गतिमान वस्तूकडून येणाऱ्या लहरींविषयी जो सिद्धांत मांडला, त्याच्या आधारे रक्ताचा वेग ऐकता येतो. पेनाएवढे, काही हजार रुपयांत मिळणारे डॉपलर यंत्र त्वचेवर टेकवले की धमनीतील प्रवाहाचा आवाज येतो. त्याच यंत्राच्या मदतीने घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढले जाते. ते ०.९ च्या खाली आले, तर धमनीत अडथळा असल्याचा संशय घ्यावा.

परंतु येथेच मधुमेह फसवतो. त्याच्यामुळे धमनीच्या भिंतीत चुना साचतो आणि ती इतकी ताठ होते की, रक्तदाबाच्या पट्ट्याने दाबली जात नाही. मग गुणोत्तर चांगले दिसते आणि पाय मात्र उपाशी असतो. यासाठी पायाच्या अंगठ्यातील रक्तदाब मोजावा लागतो, कारण बोटांतील बारीक धमन्यांत हा चुना सहसा कमी असतो. मधुमेही पायाविषयी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, हा दाब ३० मिलिमीटरच्या खाली किंवा त्वचेतील प्राणवायूचा दाब २५ मिलिमीटरच्या खाली असेल, तर धमन्यांचे चित्र तातडीने घेण्याचा विचार झाला पाहिजे. योग्य उपचार करूनही चार ते सहा आठवड्यांत जखम भरत नसेल, तर आधीच्या चाचण्या काहीही सांगोत, चित्र घ्यावे, असेही हा गट सांगतो.

ही चित्रे अनेक प्रकारची आहेत. रंगीत डॉपलर सोनोग्राफीत धमनीचा आकार व प्रवाह दोन्ही दिसतात; तीत टोचणे नाही की किरणोत्सर्ग नाही. सीटी स्कॅनने किंवा प्रत्यक्ष नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीत संपूर्ण वृक्षासारखी धमन्यांची रचना उमटते; मात्र त्यासाठी आयोडीनयुक्त द्रव द्यावा लागतो आणि ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने आधीच थकलेली आहेत, त्यांना तो बाधू शकतो. अलीकडे इंडोसायनिन ग्रीन या हिरव्या रंगद्रव्याचा वापर वाढला आहे. १९५९ पासून अमेरिकेत वैद्यकीय वापरासाठी मान्यता असलेले हे द्रव्य शिरेतून दिले आणि पायावर अवरक्त प्रकाश टाकला की, जेथे रक्त पोहोचते तो भाग खास कॅमेऱ्यात उजळतो आणि जेथे पोहोचत नाही तो काळाच राहतो. हे द्रव्य यकृतावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडांवर त्याचा भार पडत नाही. धमनीचे चित्र मोठा रस्ता मोकळा आहे की नाही ते सांगते. या पद्धतीने गल्लीबोळांतील वाहतूक दिसते.

शस्त्रक्रियेनंतरच का?

येथे कोणी विचारील की, हे सारे शस्त्रक्रियेपूर्वी पाहिले म्हणजे पुरे नाही काय? पूर्वी पाहिलेच पाहिजे, यात वाद नाही. तथापि नंतर पाहण्याची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण शरीररचनेचे. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद इयान टेलर व त्यांचे सहकारी पामर यांनी १९८७ साली असे दाखवून दिले की, शरीराचे विभाग पडतात आणि प्रत्येक विभागाला विशिष्ट धमनी पोसते. पावलाचेही असे विभाग आहेत. एक धमनी फुग्याने रुंद केली, प्रवाह सुरू झाला, सर्वांना समाधान वाटले. पण टाचेची जखम ज्या विभागात आहे, त्याला पोसणारी धमनी दुसरीच असेल, तर तेथे रक्त पुरेसे पोहोचेलच याची शाश्वती नाही. ते पोहोचले की नाही, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरे कारण काळाचे. धमनी मोकळी केल्यानंतर त्वचेतील प्राणवायू त्याच दिवशी पूर्ववत होत नाही. इटलीतील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, यशस्वी अँजिओप्लास्टीनंतर तो क्रमाक्रमाने वाढत जातो आणि सुमारे चौथ्या आठवड्यात उच्चांक गाठतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात निराश होऊन घाईने पाय कापणे जसे चुकीचे ठरू शकते, तसेच पहिल्या आठवड्यातील सुधारणेवर विसंबून नंतर न पाहणेही चुकीचे ठरते.

तिसरे कारण पुनरावृत्तीचे. गुडघ्याखालच्या रुंद केलेल्या बारीक धमन्यांपैकी बऱ्याच काही महिन्यांत पुन्हा अरुंद होतात. भरलेल्या व्रणांपैकी सुमारे ४० टक्के एका वर्षाच्या आत पुन्हा उद्भवतात.

या शास्त्राचा आरंभ ज्या प्रसंगाने झाला, तो या संदर्भात आठवण्याजोगा आहे. अमेरिकेतील पोर्टलँड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील अरुंद झालेली धमनी नळ्यांच्या साहाय्याने रुंद केली. तिच्या पायाची बोटे सडू लागली होती. पाय कापावा असा सल्ला होता आणि तिने तो साफ नाकारला होता. धमनी रुंद होताच पाय उबदार झाला. पुढे पुन्हा चित्रे घेऊन ती उघडी असल्याची खात्री करून घेण्यात आली. ती वृद्धा मरेपर्यंत, सुमारे अडीच वर्षे, आपल्या दोन्ही पायांवर चालली. जगातील या पहिल्याच अँजिओप्लास्टीत, नंतर पाहणे हा उपचाराचाच भाग मानला गेला होता.

पॅकेजचे अर्थकारण

आता महाराष्ट्राकडे वळू. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना ही या राज्याची मोठी कमाई आहे. २०२३ साली निर्णय होऊन पुढे तिचे संरक्षण सर्व कुटुंबांना लागू झाले आणि विम्याची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. या योजनेमुळे असंख्य गरिबांची घरेदारे गहाण पडण्यापासून वाचली, हे मान्य करायलाच हवे.

तथापि अशा योजना पॅकेजच्या तत्त्वावर चालतात. एका शस्त्रक्रियेची एक ठरावीक रक्कम. तीत खाट, औषधे, तपासण्या आणि घरी गेल्यानंतर साधारणतः दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला असतो. काही ठरावीक उपचारांसाठी पाठपुराव्याची स्वतंत्र पॅकेजेही आहेत. म्हणजे हे तत्त्व शासनाला अपरिचित नाही. अपेंडिक्स काढलेल्या माणसाला दहा दिवस पुरतात. मधुमेही पायाला ते कसे पुरावेत? ज्या प्राणवायूचा उच्चांक चौथ्या आठवड्यात येतो, तो दहाव्या दिवशी कोणत्या यंत्रात दिसणार? शरीराचे वेळापत्रक आणि विम्याचे वेळापत्रक यांची ही फारकतच अनेक पायांच्या मुळावर येते.

पॅकेजचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. रक्कम ठरलेली असली की, प्रत्येक जादा तपासणी रुग्णालयाच्या दृष्टीने खर्च ठरते. उलट पुढे पुन्हा पाय कापावा लागला, तर ती नवी शस्त्रक्रिया आणि तिचे नवे पॅकेज. कोणी डॉक्टर जाणूनबुजून असे करतो, असा याचा अर्थ बिलकुल नाही. बहुतेक डॉक्टर पाय वाचवण्यासाठी जिवाचे रान करतात. परंतु व्यवस्था ज्याला किंमत देते, ते वाढत जाते आणि ज्याला किंमत देत नाही, ते मागे पडते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथेही लागू आहे. कापण्याला दर आहे. कापावे लागू नये म्हणून पाहत राहण्याला दर नाही.

आणि खर्च तरी कोणाचा मोजायचा? समजा, मनोरीची एक मासळीवाली आहे. तिच्या पावलाचा पुढचा भाग गेला. सरकारी हिशेबात एका पॅकेजची नोंद झाली. तिचा बाजारातला बसण्याचा ठिय्या दुसऱ्या कोणाकडे गेला, तिला बोटीत उचलून चढवण्यासाठी मुलाने रजा घेतली, पुढे त्याची रोजंदारी सुटली, सुनेने घरकाम सांभाळून ड्रेसिंग शिकून घेतले, नातीची शाळा बुडू लागली. यातील एकही रक्कम कोणत्याच वहीत येत नाही. शेवटी तिला कृत्रिम पाय बसवण्यासाठी शिबिर भरते, हार-तुरे होतात, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. जयपूर फूट हे भारताचे भूषण आहे यात शंका नाही. परंतु जो पाय वाचला, त्याचे छायाचित्र कोणी छापत नाही.

यंत्रांचा मोह आणि मर्यादा

याचा अर्थ प्रत्येक रुग्णालयाने उद्या महागडे कॅमेरे विकत घ्यावेत, असा कोणी काढू नये. आपल्याकडे यंत्र आधी येते, ते चालवणारा नंतर येतो आणि दुरुस्त करणारा कधीच येत नाही, हा अनुभव जुना आहे. इंडोसायनिन ग्रीनचा कॅमेरा त्वचेखाली काही मिलिमीटरपर्यंतच पाहतो. सूज व जंतुसंसर्ग असेल, तर तो भाग फसवा उजळतो. आणि किती उजळले म्हणजे जखम भरेल, याविषयी सर्वमान्य आकडा अजून ठरलेला नाही. बोटाने नाडी न तपासता थेट सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिणे ही वैद्यकीय आळसाचीच एक तऱ्हा होय. शिडी पायरीपायरीनेच चढली पाहिजे.

कायद्याची एक अडचणही ध्यानात घेतली पाहिजे. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. १९९४ साली तो केंद्राने केला. हाती नेता येणाऱ्या सोनोग्राफी यंत्रांवर २०१२ च्या नियमांनी कडक बंधने आली. ती योग्यच आहेत. मुलींच्या जिवाशी खेळ करून कोणाचेही पाय वाचवायचे नाहीत. म्हणूनच बोटीत यंत्र टाकून मनोरीला जावे, असे सुचवणे उथळपणाचे ठरेल. परंतु याच नियमांत विविध सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाला वाव ठेवलेला आहे. शिवाय केवळ ध्वनी देणाऱ्या साध्या डॉपलरवर चित्र उमटतच नाही. कायदा न मोडता बरेच काही करता येण्याजोगे आहे.

काय करता येईल

महाराष्ट्राला यासाठी फार दूर पाहण्याची गरज नाही. या शतकाच्या आरंभी नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातील डॉ. अब्बास यांच्या पुढाकाराने 'स्टेप बाय स्टेप' हा प्रकल्प उभा राहिला. एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी निवडायची, तिला पाय तपासण्याचे व जखम हाताळण्याचे शिक्षण द्यायचे, साधी उपकरणे द्यायची आणि आपल्या गावी परत पाठवायचे, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांच्यासारख्या शल्यविशारदांनी मधुमेही पायाला स्वतंत्र शाखेची प्रतिष्ठा मिळवून दिली. ज्ञान आहे, माणसे आहेत. त्यांना व्यवस्थेत जागा हवी आहे.

या दृष्टीने चार गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. पहिली, मधुमेही पायाच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पाठपुराव्याची मुदत दहा दिवसांवरून निदान तीन महिन्यांवर न्यावी आणि पहिल्या व चौथ्या आठवड्यातील रक्तप्रवाहाची तपासणी तीत बंधनकारक करावी. तिचे पैसे स्वतंत्रपणे, तपासणी झाल्यावरच द्यावेत. दुसरी, महापालिकेच्या दवाखान्यांतील परिचारिकांना साधे डॉपलर वापरण्याचे शिक्षण द्यावे. खाडीपलीकडच्या रुग्णाने नाडी ऐकवण्यासाठी परळपर्यंत का यावे? तिसरी, दवाखान्यात संशय आल्यास रंगीत डॉपलर व अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी, रांगेविना तपासणी व्हावी. चौथी, इंडोसायनिन ग्रीनसारखी साधने निवडक मोठ्या शिक्षण रुग्णालयांत ठेवून त्यांचा भारतीय रुग्णांवरील अनुभव नोंदवावा. रंगाने सावळ्या, अनवाणी चाललेल्या, घट्टे पडलेल्या पायांविषयीचे निष्कर्ष परदेशांतून उसने आणू नयेत.

या प्रत्येक गोष्टीला खर्च आहे, हे खरे. परंतु तो खर्च करावयाचा की नाही, असा प्रश्नच नाही. तो आजही होतच आहे. फरक एवढाच की, आज तो दुसऱ्या व तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या रूपाने सरकारी तिजोरीतून आणि बुडालेल्या रोजीच्या रूपाने गरिबाच्या घरातून होतो. त्यातील थोडा भाग आधी, योग्य आठवड्यात, योग्य ठिकाणी खर्च झाला, तर माणूसही वाचेल आणि पैसाही.

मनोरीची खाडी बुजवता येणार नाही आणि बुजवूही नये. परंतु शस्त्रक्रिया करून बोटीत बसवून दिलेल्या माणसाच्या पायात रक्त वाहते आहे की नाही, याची विचारपूस करण्यास त्या खाडीचा अडसर होण्याचे कारण नाही. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या केसपेपरवर पुढच्या ड्रेसिंगची तारीख लिहिली जाते. तिच्या खाली रक्तप्रवाहाच्या तपासणीचीही तारीख लिहिली जाऊ लागेल, त्या दिवशी ही सुधारणा खऱ्या अर्थाने सुरू झाली असे म्हणता येईल.